चार शर्टांचं स्वगत

स्पर्धेला सोळा दिवस उरले असताना विमासाहेबांचा आवाज बसला. बसला तो बसलाच. गेली नऊ वर्षं वसाहतीच्या नाट्यमंडळात राजा, सेनापती, न्यायाधीश किंवा रागीट सासरा असेल तर तो विमासाहेबच करत. विमे विकून विकून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की ते नुसतं "मृत्यू" म्हणाले तरी समोरचा माणूस सही करायला पेन शोधायचा. डॉक्टरांनी घशात उजेड पाडून पाहिलं आणि दोन महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं. विमासाहेबांनी गळ्यात दोरीने एक छोटी वही आणि पेन्सिल अडकवली आणि पहिल्याच पानावर लिहिलं, "माझ्याशिवाय नाटक होऊ शकत नाही."

ते पान वाचून हेडसर तडक लॉन्ड्रीत गेले. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. नाटक त्यांनीच लिहिलं होतं, बसवतही तेच होते आणि प्रयोगात विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंगही तेच करत. आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी गेलेली त्यांना एक वेळ चालायची, पण दुसऱ्याच्या हाती गेलेली नाही. नाटक तसं सोपं होतं. म्हातारा राजा आपणच केलेल्या कायद्यानुसार आपल्याच मुलाला देहान्ताची शिक्षा देतो. पहिला पाऊण तास सगळे राजाबद्दल बोलतात. शेवटी राजा येतो, पांढऱ्या चादरीने झाकलेल्या मुलाच्या प्रेताशेजारी सिंहासनावर बसतो आणि चौदा मिनिटं एकटा बोलतो. बाकीचं नाटक त्या चौदा मिनिटांपर्यंत पोचण्यासाठीच होतं.

"कडक, राजाचा अंगरखा राहू दे," हेडसर म्हणाले. "नाटक रद्द करतोय."

कडक म्हणजे इस्त्रीवाला. शर्ट कधी मिळेल, तब्येत कशी आहे, धंदा कसा चाललाय, कशालाही त्याचं उत्तर एकच असे, "कडक." त्यामुळे त्याचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कोणाला आठवत नव्हतं आणि तीही ते घेत नव्हती. अकरा वर्षं मंडळाचा कपडेपट त्याच्याकडे होता. प्रत्येक प्रयोग त्याने विंगेतून पाहिला होता, एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात कोणाची तरी विजार धरून.

"रद्द कशाला, सर?" त्याने टेबलावरच्या शर्टावरून नजर न काढता विचारलं.

"राजा कोण करणार? तू?"

कडकने इस्त्री कॉलरवर टेकवली आणि पोटातून आवाज काढला, "सांगा, सिंहासनाच्या पायऱ्यांनो, आज माझी पावलं तुम्हाला जड का वाटली? न्याय मी केला. मग शिक्षा मलाच का झाली?"

कॉलर झाली तशी बाही आली, आणि बाहीबरोबर पुढची वाक्यं आली. हेडसर मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर हळूच बसले. रस्त्यावरून चाललेल्या दोन बायका थांबल्या. काउंटरवर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावत बसलेली कडकची बायको मात्र मान वर न करता आपलं काम करत राहिली.

"तालमी ऐकल्यापासून यांचं हेच चाललंय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं मला हळूच विचारतात, घरात कोणी गेलं का म्हणून."

हेडसरांनी चष्मा पुसला. त्यांना आशा वाटू लागली होती आणि आशा वाटली की ते कडक शिस्तीत बोलत. "हे बघ, सातवीत तू माझ्यासमोर कविता म्हणताना दोनदा अडखळला होतास, ते मी विसरलेलो नाही. संधी एकदाच देईन. जमलं, तर पुढच्या वर्षीचा राजाही तूच. नाही जमलं, तर मुकाट्याने कपडेपटात जायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. आयुष्यात कधीच नाही."

"कडक," इस्त्रीवाला म्हणाला. अकरा वर्षं तो ज्या वाक्याची वाट बघत होता ते इतक्या रुक्षपणे आलं होतं, तरी त्याच्या अंगावर काटा आला. "सर, मी मेलो तरी स्वगत विसरणार नाही."

"मरायचं काम विमासाहेबांना दिलंय," हेडसर म्हणाले. "त्यांना तेवढंच करता येण्यासारखं आहे. प्रेताला संवाद नसतात."

तालमी लॉन्ड्रीतच ठरल्या. सभागृह थेट स्पर्धेच्या दिवशी मिळणार होतं, आणि शाळा सुरू होण्याचे दिवस असल्यामुळे दुकानात गणवेशांचे ढीग पडले होते. कामही थांबवायचं नव्हतं आणि पाठांतरही. "पाठ होईपर्यंत हातांना काय करायचं ते करू दे," हेडसरांनी उदारपणे सांगितलं. "रंगमंचावर मात्र दोन्ही हात तलवारीच्या मुठीवर. चौदा मिनिटं बोटसुद्धा हलवायचं नाही. राजाचं दुःख हलत नसतं." कडकने मान डोलावली आणि पुढचा शर्ट घेतला. एका शर्टाला साडेतीन मिनिटं लागत. चौथ्या शर्टाची घडी घालून तो दोनदा थोपटून बाजूला ठेवला की स्वगत संपे. मिनिटाचा फरक नाही.

सोळा दिवसांत त्याने ते स्वगत शंभरावर वेळा म्हटलं. "धिक्कार असो" हे वाक्य तिसऱ्या शर्टाच्या उजव्या कफवर येई, त्यामुळे वसाहतीतल्या बऱ्याच मुलांचे उजवे कफ डाव्यापेक्षा जास्त कडक झाले. एका कफवर तर रागाच्या भरात इस्त्री जरा जास्तच टेकली. ती गोष्ट बायकोने गिऱ्हाइकाच्या कानावर कशी घातली हे तिचं तिलाच माहीत. कडकचा आत्मविश्वास अशा गोष्टींनी कमी होणारा नव्हता. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्याने स्पर्धेचं आमंत्रण दिलं होतं. सासऱ्यांना पत्र गेलं होतं. मुलगी दिली त्या दिवसापासून सासरे त्याला "लोकांचे कपडे सरळ करणारा" एवढंच म्हणत आले होते. त्यांनी पहिल्या रांगेत जागा धरायला सांगितली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मंडळ सभागृहात पोचलं. प्रयोग संध्याकाळी पाचला होता. तीनच्या सुमाराला हेडसर म्हणाले, "एकदा जागेवर बसून म्हण."

कडक सिंहासनावर बसला. अंगरख्याला त्याने स्वतःच्या हातांनी अशी इस्त्री केली होती, की तो अंगरखा राजा नसतानाही बसून राहिला असता. शेजारच्या बुटक्या चौथऱ्यावर विमासाहेब चादर ओढून पडले. कडकने दोन्ही हात तलवारीच्या मुठीवर ठेवले, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली.

"सांगा, सिंहासनाच्या पायऱ्यांनो."

मग शांतता पसरली. राजाची भेदक शांतता आहे असं समजून हेडसरांनी पाचपर्यंत आकडे मोजले, मग दहापर्यंत, आणि वहीतून पुढचं वाक्य सांगितलं. कडकने ते पोपटासारखं म्हटलं आणि पुन्हा गप्प बसला. हेडसरांनी त्याच्या पुढचंही वाक्य दिलं. तेही त्याने म्हटलं आणि पुन्हा आपला गप्प. चादर थोडी उचलली गेली आणि तिच्यातून विमासाहेबांचा एक डोळा मोठ्या समाधानाने बाहेर बघू लागला.

"काय झालं?" हेडसरांनी विचारलं.

"काही नाही, सर. सगळं येतंय. फक्त तोंडापर्यंत येत नाहीये," कडक ठामपणे म्हणाला. "इथे उकडतंय. आत जाऊन येतो."

तो रंगपटात गेला. प्रधानाचा सदरा चुरगळला होता म्हणून त्याने इस्त्री गरम केली आणि सदरा पसरला. दोन मिनिटांत भिंतीपलीकडून खणखणीत आवाज येऊ लागला. पायऱ्या आल्या, न्याय आला, शिक्षा आली, एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. हेडसर धावत आत गेले आणि त्याला ओढून पुन्हा सिंहासनावर बसवलं. पुन्हा पहिलं वाक्य झालं आणि पुन्हा सगळं थांबलं.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी कडकची बायको, जी कोपऱ्यात चपलांच्या जोड्या लावत हे सगळं बघत होती, उठली आणि तिने राजाच्या मांडीवर एक टॉवेल पसरला.

"अहो, आता म्हणा."

कडकचा उजवा हात आपोआप टॉवेलवरून फिरला आणि स्वगत नळ सोडल्यासारखं सुरू झालं. तिने टॉवेल ओढून घेतला. स्वगत बंद पडलं. तिने पुन्हा टॉवेल पसरला, आणि ते जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं.

"सर," ती म्हणाली, "यांनी स्वगत डोक्याने पाठ केलेलं नाही. हातांनी केलंय. हात रिकामे बसले की डोकंही रिकामं."

हेडसरांनी डोकं धरलं. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांची पाठांतरं घेतली होती. कोणी मान डोलावून पाठ करायचा, कोणी बाक वाजवून. पण कॉलर-बाही-कफ अशा क्रमाने पाठ करणारा विद्यार्थी त्यांना पहिल्यांदाच भेटत होता, आणि त्या क्रमाला परवानगी त्यांनी स्वतःच दिली होती.

"मग काय, राजाच्या हातात इस्त्री देऊ? सिंहासनाला प्लग लावू?"

"इस्त्री कशाला? तळहात पुरे," ती म्हणाली. "आणि कपडा काय, समोर पसरलेलाच आहे की. चादर आहे. राजा उभा राहील आणि चादरीवरून हात फिरवत बोलेल. मान आहे तिथे कॉलर, हात आहेत तिथे बाह्या. माणसात आणि शर्टात फरक तो कितीसा?"

चादरीखालून एक हात बाहेर आला आणि त्याने वही फडकवली. वहीत लिहिलं होतं, "मला गुदगुल्या होतात."

"मोठ्या माणसाला कसल्या गुदगुल्या?" कडक म्हणाला आणि खात्री करायला त्याने खांद्यावरून हात फिरवला. प्रेत चौथऱ्यावरून खाली पडलं. पडल्या पडल्या त्याने लिहिलं, "लहानपणापासून. आईला विचारा."

आई विचारायला हाताशी नव्हती आणि घड्याळात चार वाजून गेले होते. शेवटी कडकच्या बायकोनेच सामानातून बाह्या इस्त्री करायची लांबट फळी काढली, ती विमासाहेबांच्या छातीवर ठेवली आणि दोन्ही हातांवर टॉवेलच्या जाड घड्या रचल्या. वरून चादर घातली. आता राजपुत्राची छाती टेबलासारखी सपाट दिसत होती, पण तो मेलेला असल्यामुळे त्याबद्दल कोणी जाब विचारणार नव्हतं. कडकने तळहात फिरवून पाहिला. फळीला गुदगुल्या होत नव्हत्या. पहिली पाच वाक्यं धडाधड आली.

"कडक," तो म्हणाला. हेडसरांनी "राजाचं दुःख हलत नसतं" हे वाक्य मनातल्या मनात खोडलं आणि घंटा द्यायला सांगितली.

पाऊण तास सगळे राजाबद्दल बोलले. मग दिवे मंद झाले आणि राजा आला. पहिल्या रांगेत मधोमध परीक्षक बाई बसल्या होत्या. एके काळच्या मोठ्या अभिनेत्री, केस पांढरेशुभ्र, मांडीवर गुणांचा कागद. त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून कडकचे सासरे हाताची घडी घालून बसले होते. कडकने दोघांकडेही पाहिलं नाही. त्याने मुलाच्या गळ्यापाशी तळहात ठेवला.

"सांगा, सिंहासनाच्या पायऱ्यांनो, आज माझी पावलं तुम्हाला जड का वाटली?"

आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून परत आला. कॉलर झाली, खांदे झाले. उजवी बाही, डावी बाही. हाताच्या बोटांपर्यंत जाऊन तो तळहात परत येत होता आणि प्रत्येक फेरीबरोबर एक वाक्य येत होतं. विंगेत हेडसरांनी वही मिटली, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांच्या शेजारी उभी असलेली कडकची बायको ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, "डावा कफ. बटणपट्टी. आता," आणि ती एकदम थांबली.

"सर," ती म्हणाली. "पाठ राहिली."

"कसली पाठ?"

"शर्टाची. पुढचा भाग झाला की शर्ट उलटा करून पाठ काढायची असते. त्याचं आपण काही ठरवलंच नाही."

रंगमंचावर राजा थांबला होता. त्याचा हात बटणपट्टीच्या शेवटी येऊन हवेत राहिला होता. एक सेकंद गेला, चार गेले. हेडसरांनी घाईघाईने वही उघडली आणि वाक्य दिलं. राजाने ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. हेडसरांनी जरा मोठ्याने दिलं. तिसऱ्या रांगेपर्यंत ते सगळ्यांना ऐकू गेलं, एकट्या राजाला सोडून. सासऱ्यांनी हाताची घडी सोडून दुसऱ्या बाजूने घातली.

"तुमचा उपयोग नाही, सर," कडकची बायको म्हणाली आणि पडद्याच्या कडेपर्यंत पुढे सरकली. "अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "उलटा करा."

राजाचा चेहरा उजळला. तो वाकला, त्याने मुलाच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि अकरा वर्षांच्या सफाईने एका झटक्यात विमासाहेबांना पालथं केलं. सभागृहात एकदम श्वास अडकल्याचा आवाज झाला. फळी चौथऱ्यावरून घसरून खाली पडली आणि खाडकन वाजली. राजाने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याने दोन्ही तळहात मुलाच्या पाठीवर ठेवले आणि म्हणाला, "ही पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. राजाला लोकांचे चेहरे दिसतात, पाठी दिसत नाहीत."

हे वाक्य हेडसरांनीच लिहिलेलं होतं. लिहिताना त्यांना ते बेताचं वाटलं होतं. आता मात्र त्यांनीच रुमाल काढला.

पहिला शर्ट संपला. दुसऱ्या शर्टासाठी राजाने मुलाला पुन्हा उताणं केलं, आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली, कारण फळी आता खाली होती. टॉवेलच्या घड्याही कधीच्या सरकल्या होत्या. दुसरी कॉलर कशीबशी निभावली. खांद्यांवर चादर हलकेच थरथरली. उजव्या बाहीला ती जोरात थरथरू लागली. विमासाहेब दातांत चादर धरून, डॉक्टरांना आठवून, अंगातल्या सगळ्या ताकदीने गप्प पडले होते, पण अंग काही ऐकत नव्हतं. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. भाजीवालीने मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा हसला नाही.

"मेला तो," हेडसर डोळे मिटून म्हणाले, आणि हे ते प्रेताबद्दल बोलत नव्हते.

"थांबा, सर," कडकची बायको म्हणाली. "डाव्या बाहीला काय वाक्य आहे, आठवतंय ना?"

राजाचा हात डाव्या बाहीवर आला. मूळ नाटकात ते वाक्य दिव्याच्या ज्योतीला उद्देशून होतं. पण कडकची नजर हाताबरोबर खाली गेली होती आणि त्याने ते चादरीकडेच बघत म्हटलं, अगदी हळू, "थरथरू नकोस. या राज्यात थरथरायचा हक्क आता एकट्या मला उरला आहे."

राजाला मुलगा जिवंत असल्याचा भास होतोय, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. जे हसू दाबत होते त्यांना आपलीच लाज वाटली. परीक्षक बाईंनी गुणांचा कागद उलटा घालून ठेवला.

तिसऱ्या शर्टाला कडक इतका रंगात आला, की आपण कुठे आहोत हे तो पूर्ण विसरला. कपडा वाळल्यासारखा वाटला म्हणून त्याचा हात सवयीने पाण्याकडे गेला. सिंहासनाशेजारी हेडसरांनी शोभेला एक चकचकीत भांडं भरून ठेवलं होतं. राजाने त्यात बोटं बुडवली आणि प्रेताच्या तोंडावर सपकन पाणी शिंपडलं. प्रेत दचकलं. "धिक्कार असो," राजा गरजला आणि उजवा कफ दाबला. विमासाहेबांच्या मनगटावर त्याची खूण पुढे आठवडाभर होती.

चौथा शर्ट आला तेव्हा कडकच्या बायकोने पुटपुटणं थांबवलं होतं. आता तिला काही सांगावं लागत नव्हतं. राजाचा आवाज खाली आला होता. सोळा दिवस ज्या वाक्यांनी तिचं डोकं उठवलं होतं, ती ऐकताना तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला, कारण विंगेत तिच्याखेरीज शुद्धीवर कोणी नव्हतं. हेडसर केव्हाचे रडत होते.

शेवटची पाठ झाली, आणि शर्टाची घडी आली.

कडकने मुलाचा उजवा हात उचलून छातीवर आडवा ठेवला. डावा हात त्याच्यावर ठेवला. मग त्याने गुडघ्यांखाली हात घालून पाय वर घेतले, पाठीखाली हात घालून अंग वर घेतलं आणि भलामोठा विमाप्रतिनिधी एखाद्या तान्ह्या मुलासारखा दुमडून मांडीवर घेतला. चादरीची एक कड त्याने हनुवटीखाली नीट खोचली. "झोप," राजा म्हणाला. "उद्या तुझा बाप राजा नसेल." आणि मुलाच्या छातीवर त्याने दोनदा थोपटलं.

पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबता थांबेनात.

पडद्यामागे विमासाहेबांनी कडकच्या मांडीवरूनच चाचपडत वही शोधली आणि लिहिलं, "माझी घडी झाली आहे. आधी उलगड."

निकाल तासाभरात लागला. परीक्षक बाई ध्वनिक्षेपकासमोर आल्या. त्या म्हणाल्या की चाळीस वर्षांत त्यांनी कितीतरी राजे पाहिले, आणि सगळे तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसलेले होते. मुलाला पालथा करून त्याच्या पाठीवर हात ठेवणारा, त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला उठवू बघणारा आणि शेवटी झोपवणारा बाप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. प्रेताच्या त्या सूक्ष्म थरथरीबद्दल त्यांनी दिग्दर्शकाचं खास अभिनंदन केलं. हेडसरांनी ते नम्रपणे स्वीकारलं. अभिनयाचं पहिलं बक्षीस कडकला मिळालं.

"हातांचा हा विचार तुम्हाला कुठे सुचला?" बक्षीस देताना बाईंनी विचारलं.

कडक खरं सांगणार होता. त्याने तोंडही उघडलं होतं. पण हेडसरांनी त्याच्या पायावर पाय ठेवला आणि तो म्हणाला, "कामात, बाई."

बाईंना ते उत्तर फारच आवडलं. त्यांनी ते पुढच्या भाषणात वापरलं असं ऐकिवात आहे. सासरे बाहेर दारापाशी उभे होते. त्यांनी जावयाला आपादमस्तक न्याहाळलं आणि ते म्हणाले, "माझा एक कोट आहे. तुमच्याकडेच पाठवतो." त्यांच्या तोंडून "तुमच्याकडे" हा शब्द कडकने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. त्याने फक्त मान डोलावली; "कडक" म्हणायचंसुद्धा तो विसरला.

दीड महिन्याने हेडसर नवी वही काखेत मारून लॉन्ड्रीत आले. त्यांच्या मागोमाग विमासाहेबही आले. त्यांचा आवाज त्याच सकाळी सुटला होता, आणि दुकानात पाऊल टाकताच ते भरघोस आवाजात म्हणाले, "प्रेत मीच करणार. आधीच सांगून ठेवतो." थरथरीचं ते अभिनंदन हेडसरांना मिळालं असलं तरी थरथरलं कोण होतं, हे ते वसाहतीत घरोघर सांगून आले होते.

"प्रेत आहे का ते अजून ठरायचंय," हेडसर म्हणाले आणि गाठोड्यावर बसले. "कडक, शब्द दिल्याप्रमाणे राजा तूच आहेस. आणि या वेळी मी आधीपासून विचार करून लिहिलंय. पहिल्या अंकात तुला दोन शर्ट आहेत. दुसऱ्यात एक पँट, पण प्लेटवाली. आणि शेवटचं स्वगत मोठं आहे. डबल बेडच्या चादरीएवढं."

"कडक," इस्त्रीवाला म्हणाला आणि हातातली कॉलर दाबली.

"चालायचं नाही, सर," काउंटरवरून त्याची बायको म्हणाली.

"का?"

"एवढी चादर एका माणसाला धरता येत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. नाहीतर मध्येच अडकतील आणि मग तुम्ही वही घेऊन ओरडत बसाल."

हेडसरांनी वही उघडली, काही पानं चाळली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गेल्या वेळी विंगेत उभं राहून प्रयोग कोणी वाचवला होता हे त्यांना आठवत होतं, पण त्यांनी आतापर्यंत ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग राणी लागेल," ते म्हणाले. "संवाद थोडे असतील. बहुतेक वेळ नुसतं धरून उभं राहायचं. जमेल?"

कडकची इस्त्री कॉलरवर होती तिथेच राहिली, आणि कापड तापल्याचा वास यायला लागला तेव्हा त्याने ती उचलली. बायकोने हातातल्या चिठ्ठीवर नंबर टाकला, ती शर्टाच्या आत टाचली, शर्ट ढिगावर ठेवून दोनदा थोपटला.

"राणी शेवटी मरते का?" तिने विचारलं.

"तसं लिहिलंय खरं."

"मग ते खोडा," ती म्हणाली. "यांना एकट्यांना घडी जमत नाही."